मुलांचे खेळ आणि आईबापांची सोबत

(महोत्सवांतील कुटुंबदिनीं आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें ह्या कुटुंबदिनासाठीं माझ्याकडे विषय मागितला, तेव्हां मीं "ऑनलाइन खेळ आणि कुटुंब" असा विषय लिहून पाठविला. समितींतील एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनीं मला एकीकडे घेऊन हळूच विचारिलें, "फादर, महोत्सवाच्या दिवसांत हा विषय कशाला? पूर्वजांच्या श्रद्धेवर बोला, वसईच्या जुन्या चर्चवर बोला. मोबाइलच्या खेळांवर बोलण्यासारखें काय आहे?" त्यांचें म्हणणें अगदींच अयोग्य होतें असें मी म्हणत नाहीं. परंतु ह्याच विषयावर ह्याच धर्मग्रामाच्या उपदेशपीठावरून मी पूर्वीं एकदां बोललों आहें, आणि तेव्हां मीं जें सांगितलें तें चुकीचें होतें. चारचौघांत केलेली चूक चारचौघांतच परत घ्यावी, एवढ्याचसाठीं मी आज उभा आहें.

टाळेबंदी उठून शाळा पुन्हां भरूं लागल्या, त्या सुमाराची ही गोष्ट. एका रविवारच्या प्रवचनांत मीं आईबापांस सांगितलें, कीं मूल गेम खेळतांना दिसलें कीं मोबाइल काढून घ्या, कपाटांत ठेवा, आणि कपाटाची किल्ली आपल्या कमरेला लावा. मंडळी हंसली, पुष्कळांनीं माना डोलाविल्या, मिस्सा संपल्यावर दोघी मातांनीं मुद्दाम येऊन माझे आभार मानिले. प्रवचन करणाऱ्यास ह्याहून अधिक काय हवें असतें? मी समाधानानें जेवलों.

त्यानंतर तीनेक महिन्यांनीं आपल्याच धर्मग्रामांतील तेरा वर्षांचा एक वेदीसेवक सकाळच्या मिस्सानंतर घरीं न जातां सॅक्रिस्टींत घुटमळत राहिला. पुढें तो जें बोलला तें पापनिवेदनांत बोललेलें नव्हे. तसें असतें तर आज मीं त्याचा उच्चारही केला नसता. तें सॅक्रिस्टीच्या बांकावर बसून सांगितलेलें आहे, आणि त्याच्या व त्याच्या आईवडिलांच्या अनुमतीनेंच मी तें येथें सांगत आहें.

चौघाचौघांच्या टोळ्या करून लढावयाचा एक खेळ तो मोबाइलवर खेळत असे. अशा खेळांत खेळतां खेळतां एकमेकांशीं बोलतां येतें. त्याच्या टोळींत एक अनोळखी मनुष्य आला. मुलगा त्याला "दादा" म्हणूं लागला. हा दादा रोज रात्रीं भेटे. मुलगा संकटांत सांपडला कीं तो धांवून येई, आपल्याजवळचा दारूगोळा त्याला देई, आणि आजचा पेपर कसा गेला हेंही विचारी. (हें शेवटचें आपण आपल्या मुलांस आठवड्यांतून कितीदां विचारितों, तें ज्यानें त्यानें मनाशीं पाहावें.) महिन्याभरानें दादानें त्याला खेळांतील एक झगझगीत पोशाख भेट देण्याचें कबूल केलें. "तुझ्या आईच्या फोनवर पैशांची एक विनंती येईल, तेथें पिन टाक, म्हणजे पैसे तुझ्या घरच्या खात्यांत जमा होतील," असें तो म्हणाला. पिन मुलाला ठाऊक होता, कारण गॅसचे व विजेचे पैसे घरांत तोच भरीत असे. त्यानें तीन वेळां पिन टाकिला. तीनही वेळां पैसे आले नाहींत, गेले. एकंदर ९,००० रुपये. मग दादाचा स्वर बदलला. घरीं बोललास तर तूंच आईचे पैसे चोरलेस असें मी कळवीन, अशी धमकी त्यानें दिली आणि आणखी पैसे मागूं लागला.

ह्या मुलाची आई पहांटेची गाडी पकडून दादरला फुलें विकावयास जाते. तिच्या हातून रोज पैशांची इतकी ये-जा होते, कीं हिशेबांत कोठें तरी चूक झाली असावी असेंच तिला वाटलें. मुलगा १९ दिवस गप्प राहिला. त्या १९ दिवसांत तो जेवत होता, शाळेंत जात होता, माझ्या मिस्सेला घंटा वाजवीत होता. आणि माझ्या लक्षांत कांहींच आलें नाहीं.

मीं त्याला विचारिलें, "बाळ, त्याच दिवशीं आईला कां सांगितलें नाहींस?"

तो खालीं पाहून म्हणाला, "तुम्हींच सांगितलें होतें ना फादर, मोबाइल काढून घ्या म्हणून."

ह्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. सायबर गुन्ह्यांसाठीं सरकारनें १९३० हा दूरध्वनी क्रमांक ठेविला आहे. त्यावर आम्हीं कळविलें, रीतसर तक्रारही नोंदविली. परंतु अशा चोरीचे पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असे झपाट्यानें सरकत जातात. पहिल्या कांहीं तासांतच कळविलें तर बँका ते वाटेंत अडवूं शकतात. आम्हीं कळविलें तें १९ दिवसांनंतर. पैसे परत आले नाहींत. फसविणारा कोण होता हें मला ठाऊक नाहीं. परंतु त्या मुलाचें तोंड १९ दिवस बंद ठेवणारा मीच होतों, हें मला पक्कें ठाऊक आहे.

मोबाइल हेंच संकटाचें घर, असें मी समजत होतों. नंतर जसजसा विचार केला, जसजसें वाचलें, तसतसें ध्यानांत आलें, कीं खरें संकट मूल तेथें एकटें असतें ह्यांत आहे. त्याच्या खेळांत त्याचें असें घरचें कोणीच नसतें; म्हणून रिकाम्या जागेवर जो प्रथम येऊन बसेल तो त्याचा दादा होतो.

ह्या संबंधांत नॉर्वे देशांतील एक खरी हकीकत सांगतों. माट्स स्टेन नांवाचा एक तरुण तेथें होता. जन्म १९८९ सालचा. स्नायू हळूहळू निकामी करणारा ड्यूशेन नांवाचा असाध्य रोग त्याला होता. लहानपणींच चाकांची खुर्ची आली. पुढें पुढें तर हालचाल अगदींच थोडी उरली. आपल्या खोलींत संगणकासमोर बसून तो "वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट" नांवाचा खेळ तासन्‌तास खेळत असे. आईबाप प्रेमळ होते. त्याची शुश्रूषा करण्यांत त्यांनीं कांहीं कमी केलें नाहीं. परंतु तो खेळ त्यांस कधीं कळला नाहीं. २०१४ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं तो वारला, तेव्हां त्यांस मृत्यूइतकेंच दुसरें एक दुःख होतें : आपल्या मुलाला ना मैत्री लाभली, ना कोणाच्या उपयोगीं पडण्याचा आनंद मिळाला.

माट्स इंटरनेटवर एक ब्लॉग लिहीत असे. त्यावर बापानें मुलाच्या निधनाची वार्ता लिहिली. मग देशोदेशींच्या अनोळखी माणसांचीं पत्रें येऊं लागलीं. हीं सारी त्या खेळांतील "स्टारलाइट" नांवाच्या मंडळींतील माणसें. तेथें माट्सला तीं आयबेलिन ह्या नांवानें ओळखत. कोणाला त्यानें निराशेंतून सांवरलें होतें, कोणाचें तासभर रडगाणें ऐकून घेतलें होतें. डेन्मार्कमधील एक आई व तिचा ऑटिझम असलेला मुलगा हीं दोघेंही तोच खेळ खेळत. त्या मुलाला कोणी जवळ घेतलेलें सोसत नसे. माट्सनें त्याला सुचविलें, कीं निदान खेळांतल्या खेळांत तरी आईला मिठी मार. त्यानें मारिली, आणि त्या मायलेकरांमधील कोंडी तेथून फुटूं लागली. माट्सच्या अंत्यविधीस ह्या मंडळींपैकीं कांहीं जण परदेशांतून प्रवास करून आले. ज्या मुलाला एकही मित्र नाहीं असें आईबाप समजत होते, त्याच्या शवपेटीजवळ उभे राहण्यासाठीं हे आले होते. २०२४ सालीं ही सारी कथा चित्रपटरूपानें जगापुढें आली.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हां मी बराच वेळ स्वस्थ बसलों. आपल्या धर्मग्रामांतील मुलाला खेळांत चोर भेटला. नॉर्वेच्या मुलाला खेळांत मित्र भेटले. दोहोंकडे एक गोष्ट मात्र सारखी होती. भिंतीपलीकडे बसलेल्या आईबापांस त्याची वार्ता नव्हती. एका घरीं चोर कळला नाहीं, दुसऱ्या घरीं आनंद कळला नाहीं. त्या नॉर्वेच्या बापानें मुलाजवळ एक खुर्ची ओढून "हें काय चाललें आहे, मला दाखव" असें म्हटलें असतें, तर पंचवीस वर्षांचा तो ठेवा त्याला मुलाच्या हयातींतच मिळाला असता.

आतां कोणी म्हणेल, फादर, पन्नाशी उलटल्यावर आम्हीं काय बंदुका घेऊन पळावें? तसें मी म्हणत नाहीं. माझ्या स्वतःच्या घरचें उदाहरण देतों.

माझा भाचा मालवाहू जहाजावर इंजिन खात्यांत आहे. २०२० सालीं जगभर बंदरें बंद झालीं आणि खलाशांची अदलाबदल थांबली. त्या वर्षाच्या अखेरीस सुमारें ४ लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, त्यांत आमचा हा एक. आपल्या वसईंत अशीं किती घरें होतीं, तें मीं सांगावयास नको. त्या काळांत चर्चचीं दारेंही बंद होतीं. आमची आई त्या वेळीं ऐंशीच्या घरांत होती. नातवाला जहाजावर इंटरनेट मिळे तें मोजूनमापून. व्हिडिओवर बोलूं लागलें कीं चित्र थिजे, आवाज तुटे, आणि आई रडूं लागे. शेवटीं त्यानेंच युक्ति काढिली. त्यानें तिच्या मोबाइलवर लूडोचा खेळ घालून दिला.

लूडो म्हणजे आपलाच पचिशीचा पट. इंग्रजांनीं तो उचलला, त्याचें तिकडे पेटंटही घेतलें, आणि आतां तो मोबाइलवरून पुन्हां घरीं आला आहे. "लूडो किंग" हा आवृत्तिप्रकार तर २०१६ सालीं नवी मुंबईच्याच एका कंपनीनें काढिला. त्यांत खासगी खोली नांवाची एक सोय आहे. खोली उघडणारास एक सांकेतिक क्रमांक मिळतो. तो ज्याला द्यावा तोच आंत येऊं शकतो, इतरांस दार बंद. दर शुक्रवारीं रात्रीं जपमाळ आटोपली कीं भाचा जहाजावरून, त्याची बहीण कुवेतहून, आणि आमची आई ओट्यावरून अशीं तिघें त्या खोलींत जमत. बोलणें फार होत नसे. "आजी, तुझी सोंगटी मारली," "मेल्या, थांब, दाखवितें तुला," एवढेंच. परंतु नातू जिवंत आहे, खुशालींत आहे, आणि अजून लबाडी करण्याइतका हुशार आहे, हें त्या माउलीला दर शुक्रवारीं कळे. मोबाइल मुद्दाम त्यालाच सहा देतो, अशी तिची तक्रार अजून आहे. भाचा सुखरूप परत आला. पुन्हां जहाजावर गेला. शुक्रवारचा पट चालूच आहे.

त्या खासगी खोलीनें मला बरेंच शिकविलें. घराला जसें दार असतें तसें खेळालाही दार असतें. तें उघडें टाकावयाचें कीं लावावयाचें, हें खेळणाऱ्याच्या हातीं असतें. बहुतेक खेळांत अनोळखी माणसांशीं बोलणें बंद करण्याची, केवळ आपण निवडलेल्या मित्रांपुरतेंच तें ठेवण्याची सोय असते. मुलाजवळ बसून, त्यालाच विचारून, ती शोधावी. तो दोन मिनिटांत दाखवील. त्याच्या पाठीमागें, तो झोंपला असतां करूं नये. कारण सकाळीं तो तें तीन मिनिटांत पूर्ववत् करील, आणि वर आपल्यावरील विश्वास जाईल तो निराळाच.

खेळांत मुलें जें नांव धारण करितात तें जरा पाहावें. आपलीं मुलें स्वतःचें नांव, त्यापुढें गांव आणि शेवटीं जन्माचें साल असें जोडून देतात. चोराला आणखी काय पाहिजे? गांवाचें, शाळेचें, चर्चचें नांव त्यांत नसावें. पासवर्ड प्रत्येक ठिकाणीं निराळा ठेवावा, आणि जेथें दुहेरी पडताळणीची सोय आहे तेथें ती घ्यावी, म्हणजे पासवर्ड फुटला तरी आपल्या फोनवर येणाऱ्या अंकांवांचून कोणाला आंत शिरतां येणार नाहीं. ते अंक कोणालाही सांगूं नयेत, दादाला तर नाहींच नाहीं. आणि एक गोष्ट लहानथोर सर्वांनींच पाठ करून ठेवावी : पैसे घ्यावयास पिन लागत नाहीं. पिन लागतो तो देतांना. ही एवढी गोष्ट त्या मुलाला कोणीं सांगितली असती तर फुलांचे ९,००० रुपये वांचले असते.

ज्यांच्या घरीं सर्वांचा मिळून एक संगणक आहे, त्यांनीं मुलासाठीं त्यावर वेगळें खातें उघडावें आणि त्या खात्यास नवे प्रोग्राम बसविण्याचा अधिकार देऊं नये. म्हणजे मुलानें चुकून कांहीं दाबलें तरी सारें यंत्र बिघडत नाहीं. विकत मिळणारा खेळ कोणी "फुकट, क्रॅक करून" देऊं केला तर तो घेऊं नये. ती चोरी आहे हें तर झालेंच. परंतु अशा फुकटच्या पुडींतून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम बेमालूम आंत येतात. संगणक, यंत्रणा व खेळ वेळोवेळीं अद्ययावत करून घ्यावे. यंत्र बैठकीच्या खोलींत असावें. झोंपावयाच्या खोलींत नको. पाळत ठेवण्यासाठीं मी हें म्हणत नाहीं, जातां येतां "जिंकलास का रे?" असें विचारतां यावें म्हणून.

पैसे लावून खेळावयाच्या खेळांविषयीं मात्र माझें जुनें मत तसूभरही बदललेलें नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या खेळांस त्यानें बंदी केली. असे खेळ चालविणारास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पैसे न लावतां होणाऱ्या खेळांस तो कायदा प्रोत्साहनच देतो. लूडो असो कीं रमी, पैसा आला कीं तो जुगार. आणि जुगारानें आपल्या वाड्यांतील किती घरें बसलीं हें जाणत्यांस ठाऊक आहे.

अतिरेकाविषयींही बोललें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या सूचींत खेळाच्या विकाराचा समावेश आहे. परंतु दोन तास खेळलेलें प्रत्येक मूल रोगी नव्हे. खेळण्यावर ताबा राहिला नाहीं, जेवणझोंप व अभ्यास ह्यांपेक्षां खेळच वरचढ झाला, नुकसान दिसत असूनही थांबतां येईना, आणि हें बहुधा वर्षभर चाललें, तर तो विकार. अशा मुलाला ओरडून उपयोग नाहीं, डॉक्टरांकडे न्यावें. बाकीच्यांस नियम पुरतो, आणि नियम मुलानें स्वतः केलेला असला तर उत्तम. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप लिओ चौदावे ह्यांनीं ज्यास संत म्हणून घोषित केलें, तो पंधराव्या वर्षीं वारलेला कार्लो अकुतिस संगणकांत पारंगत होता आणि प्लेस्टेशनही खेळत असे. परंतु आठवड्यांत एकच तास, असा नियम त्यानें आपणहून घालून घेतला होता. आपल्या मुलांस हें सांगावें. मात्र "बघ, तो कसा होता आणि तूं कसा" अशा सुरांत सांगूं नये.

त्या वेदीसेवकाच्या आईविषयीं सांगावयाचें राहिलें. मीं तिला जाऊन सांगितलें, कीं माझें प्रवचन चुकलें, मुलाला मारूं नका. तिनें मारिलें नाहीं. उलट, दिवसभर दादरला उभी राहून आलेली ती बाई रात्रीं भाकरी करून झाल्यावर दहापंधरा मिनिटें त्याच्याजवळ बसूं लागली. खेळ तिला येत नाहीं; नुसती ऐकते. कांहीं महिन्यांनीं त्या टोळींत आणखी एक नवा गडी आला, पंधरा वर्षांचा म्हणविणारा. तिनें दोन वाक्यें ऐकिलीं आणि मुलाला म्हणाली, "हा पंधराचा नव्हे रे. बाजारांत बारा वर्षें उभी आहें मी. हा घसा चाळिशीचा आहे." मुलानें त्याला तेथल्या तेथें बाहेर काढिलें. कोणताही प्रोग्राम हें काम इतक्या झटपट करूं शकला नसता.

आतां एक सूचना. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर ह्याच सभागृहांत चार बांक मांडलेले असतील आणि युवकमंडळाचीं मुलें तेथें बसतील. आपापला मोबाइल व आपापलें मूल घेऊन यावें. खोली कशी उघडावयाची, अनोळखी माणसांचें बोलणें कसें बंद करावयाचें, हें मुलांनींच आईबापांस दाखवावयाचें आहे. आम्हीं मधें बोलावयाचें नाहीं. १९३० हा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें घालून दिला जाईल. आजीआजोबांनीं चष्मा विसरूं नये. आणि माझें तें जुनें प्रवचन ऐकून ज्यांनीं मोबाइल कपाटांत ठेविला असेल, त्यांनीं येतांना किल्ली घेऊन यावें.